ईसान : नॉर्वेजियन ब्लॅक मेटल संगीतकार

ईसान (जन्म १० ऑक्टोबर १९७५) हे नॉर्वेजियन संगीतकार, गायक, गिटारवादक आणि कीबोर्डवादक आहेत. मूळ नाव वेगार्ड स्वेरे ट्वेइतान. एम्परर या ब्लॅक मेटल (हेवी मेटल संगीताचा अतिवेगवान, किंचाळत्या गायनाचा प्रकार) बँडच्या संस्थापकांपैकी ते एक असून २००६ पासून ते स्वतःच्या नावाने अल्बम काढत आले आहेत. ब्लॅक मेटलचा विषय निघाला की १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या या मंडळींपैकी काहींनी जाळलेली चर्चेस आणि केलेले खून यांचीच चर्चा आधी होते आणि संगीत मागे पडते. ईसान यांची कारकीर्द त्याच काळात आणि त्याच मंडळींत सुरू झाली, पण ती तीस वर्षांहून अधिक टिकली ती निव्वळ संगीतरचनेच्या जोरावर.

त्यांचे गाव नोटोडेन, दक्षिण नॉर्वेतील टेलेमार्क प्रदेशातले. जलविद्युत आणि हवेतल्या नायट्रोजनपासून तयार होणारे खत यांवर हे गाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभे राहिले. नॉर्स्क हायड्रो कंपनीची मुळे इथलीच. या औद्योगिक वारशामुळे रयुकान आणि नोटोडेन यांना २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. १९८८ पासून इथे मोठा ब्लूज महोत्सवही भरतो. ब्लॅक मेटलच्या हालचाली मुख्यतः ओस्लो आणि बेर्गेन या शहरांत चालत असत, पण ईसान यांनी आपले काम नोटोडेनमध्ये राहूनच केले.

किशोरवयात त्यांची गाठ टोमास हाउगेन ऊर्फ सामोथ यांच्याशी पडली. एम्ब्रियॉनिक आणि दाऊ शॅल्ट सफर या डेथ मेटल (मेटलचाच जड, घोगऱ्या गायनाचा प्रकार) बँडांनंतर दोघांनी १९९१ मध्ये एम्परर सुरू केला. सोबत बास गिटारवर मोर्टिस होते. सामोथ तेव्हा ड्रम वाजवत आणि गिटार, गायन, कीबोर्ड ईसान यांच्याकडे होते. १९९२ चा ‘रॅथ ऑफ द टायरंट’ हा डेमो (नमुन्यादाखलचे ध्वनिमुद्रण) ध्वनीच्या दृष्टीने अगदी कच्चा आहे, तरीही स्वररचनेची ओढ त्यात ऐकू येते. पुढे सामोथ गिटारवर आले आणि ड्रम फाउस्ट यांच्याकडे गेले.

‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ हा पहिला पूर्ण अल्बम जुलै १९९३ मध्ये बेर्गेनच्या ग्रीगहालेनमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि १९९४ मध्ये बाजारात आला. ग्रीगहालेन म्हणजे एडवर्ड ग्रीग यांच्या नावाचे, बेर्गेन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे सभागृह. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी एरिक हुंडविन ऊर्फ पित्तेन यांची होती. मेहेम आणि इमॉर्टल या ब्लॅक मेटल बँडांची गाजलेली ध्वनिमुद्रणेही त्यांच्याच हातची. ईसान तेव्हा अठरा वर्षांचेही नव्हते.

या अल्बमचे वेगळेपण कुठे आहे हे नीट सांगायला हवे. ब्लॅक मेटलमध्ये गिटारच्या तारेवर पिक (तार छेडायचा चपटा तुकडा) अतिवेगाने वर-खाली फिरवून सुरांची सलग पट्टी तयार करतात आणि खालून ड्रमचा तितकाच दाट मारा चालू असतो. बऱ्याच बँडांनी कीबोर्ड वापरला तो सुरुवातीला आणि शेवटी वातावरणनिर्मितीपुरता. एम्पररमध्ये मात्र कीबोर्डचे सूर रचनेचा भार उचलतात. ‘आय अ‍ॅम द ब्लॅक विझर्ड्स’ ऐकताना पहिल्यांदा नुसता गोंगाट कानावर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लक्षात येते, की गिटार एक चाल पुढे नेत आहे, तिच्या मागे कीबोर्ड स्वतंत्र चाल धरून आहे आणि दोन्ही एका ठिकाणी येऊन मिळतात. एका शाळकरी वयाच्या मुलाने असे रचणे ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे.

अल्बम बाहेर येईपर्यंत बँड जवळपास मोडला होता. ऑगस्ट १९९२ मध्ये लिलेहामर येथे एका समलिंगी पुरुषाचा खून केल्याबद्दल फाउस्ट यांना १९९४ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली. सामोथ चर्च जाळल्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. ईसान बाहेर राहिले आणि पुढच्या अल्बमची जुळवाजुळव करत राहिले. ‘अँथम्स टू द वेल्किन अ‍ॅट डस्क’ (१९९७) पुन्हा ग्रीगहालेनमध्येच झाला. ड्रमवर आता एन्स्लेव्हड या बँडमधून आलेले ट्रिम होते आणि ‘विथ स्ट्रेंथ आय बर्न’मध्ये किंचाळीसोबत ईसान यांचा मोकळा, स्वच्छ आवाजही होता. १९९९ मध्ये ‘नाइन इक्विलिब्रियम’ आला. ‘प्रोमिथिअस’ (२००१) संपूर्णपणे ईसान यांनी रचला. तोवर ईसान आणि सामोथ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. सामोथ आणि ट्रिम झिक्लॉन या बँडमध्ये डेथ मेटलकडे वळले होते, तर ईसान यांना अधिक गुंतागुंतीची रचना खुणावत होती. बँड थांबला.

पत्नी हायडी ट्वेइतान यांच्यासोबत त्यांनी पेकाटुम हा बँड १९९८ ते २००६ या काळात चालवला. पुढच्या मोकळेपणाची तयारी तिथेच झाली असे म्हणता येते. ‘द अ‍ॅडव्हर्सरी’ (२००६) हा पहिला एकल अल्बम. ‘आफ्टर’ (२०१०) या अल्बममध्ये आठ तारांची गिटार आणि योर्गेन मुंकेबी यांचा सॅक्सोफोन आहे. ब्लॅक मेटलच्या कानांना सॅक्सोफोन झेपेल का, ही शंका रास्त होती. पण मुंकेबींचा सूर ईसान यांच्या किंचाळीइतकाच बोचरा आहे आणि माझ्या मते त्यांच्या एकल कामात हाच अल्बम सर्वांत सरस आहे. ‘एरेमिता’, ‘दास झेलेनब्रेखेन’, ‘आर्कटिस’ आणि ‘आमर’ हे नंतरचे अल्बम. मंचावर त्यांना बराच काळ साथ दिली ती नोटोडेनच्याच लेप्रस या बँडने. त्याचे गायक आयनार सोलबर्ग हे हायडी यांचे बंधू.

२०२० मध्ये दोन छोटी ध्वनिमुद्रणे आली. ‘टेलेमार्क’मधल्या स्वतःच्या गाण्यांचे शब्द नॉर्वेजियन आहेत आणि बाज खडबडीत ब्लॅक मेटलचा. ‘फारोस’ सौम्य आहे. त्यात पोर्टिसहेड आणि आ-हा या बँडांची गाणी त्यांनी आपल्या पद्धतीने सादर केली आहेत. ट्रिव्हियम बँडचे मॅट हीफी यांच्या इबाराकी या प्रकल्पाच्या ‘राशोमोन’ (२०२२) अल्बमचे निर्मातेही तेच. २०२४ मध्ये ‘ईसान’ हा अल्बम दोन रूपांत आला, एक मेटल बँडसह आणि दुसरे केवळ वाद्यवृंदाचे. वाद्यवृंदाचा भाग स्वतंत्र ऐकला तरी उभा राहावा, अशा बेतानेच ही गाणी रचलेली आहेत.

एम्परर २००५ पासून अधूनमधून पुन्हा मंचावर येतो. २०१४ मध्ये पहिल्या अल्बमच्या विसाव्या वर्षानिमित्त झालेल्या कार्यक्रमांत शिक्षा भोगून आलेले फाउस्ट ड्रमवर होते. जुने अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवणे हे यांतल्या काही कार्यक्रमांचे मुख्य आकर्षण होते. ‘प्रोमिथिअस’नंतर बँडने नवा अल्बम काढलेला नाही.