गडद विरुद्ध फिकट : फुटबॉलच्या जर्सीमागची पार्श्वभूमी

२०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात भारत इंग्लंडविरुद्ध नारंगी (की भगव्या, हा तेव्हाचा वाद) जर्सीत उतरला, तेव्हा मुंबईतल्या काही नेत्यांना त्यात राजकारण दिसले. जर्सी बदलण्याचे कारण साधे होते : दोन्ही संघ निळे आणि इंग्लंड यजमान. फुटबॉलमध्ये हा प्रश्न इतक्या सरळपणे क्वचितच सुटला आहे.

मुळात 'होम' हा शब्दच घोळाचा. इंग्लंडच्या लीगमध्ये सुरुवातीला रंग जुळले तर घरच्या संघाने जर्सी बदलायची, असा पाहुणचार होता. १९२१ मध्ये तो उलटला आणि बदलायची पाळी पाहुण्यांवर आली. विश्वचषकात यजमान सोडले तर सगळेच पाहुणे. मग वेळापत्रकात ज्याचे नाव आधी तो कागदोपत्री 'होम'. हा मान किती पोकळ असतो ते २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलमधल्या साल्व्हादोरला दिसले. स्पेन लाल, नेदरलँड्स नारंगी. नाव आधी स्पेनचे, तरी स्पेन पांढऱ्यात आणि डच निळ्यात. डच कर्णधाराने हवेत झेपावून हेडरने केलेला तो गोल आठवून पाहा, अंगात नारंगी नाहीच. चारच वर्षांपूर्वी याच दोन संघांच्या अंतिम सामन्यात डच नारंगीत खेळले होते आणि फक्त स्पेनने गडद निळा घातला होता.

खेळाडूंना एकमेकांचे रंग ओळखू यावेत, एवढाच हेतू असता तर नियम दोन ओळींत संपला असता. १९५८ च्या अंतिम सामन्यात स्वीडन आणि ब्राझील दोघेही पिवळे होते. ब्राझीलने स्टॉकहोममध्ये निळे शर्ट विकत घेतले, पिवळ्यांवरची बोधचिन्हे उसवून त्यांवर शिवली आणि विश्वचषक जिंकला. तिथे अडचण मैदानावरची होती. टीव्ही आला आणि 'कोणाला ओळखू यायला हवे' याचे उत्तरच बदलले.

१० जून १९७८, अर्जेंटिनातल्या विश्वचषकाचा मार देल प्लाता गावातला सामना. फ्रान्स निळा, हंगेरी लाल. मैदानावर यात गोंधळ होण्यासारखे काही नाही. पण कृष्णधवल पडद्यावर निळा आणि लाल दोन्ही सारखेच करडे. त्या स्पर्धेचे चित्रण रंगीत होऊन परदेशी जात होते, खुद्द अर्जेंटिनातले लोक मात्र घरी कृष्णधवलच पाहत होते. (आपल्याकडे रंगीत दूरदर्शन १९८२ चे.) म्हणून एका संघाने फिकट घालावे असे ठरले. पत्रव्यवहारात कुठेतरी माशी शिंकली आणि दोन्ही संघ पांढरे घालून आले. फ्रान्सच्या निळ्या जर्स्या चारशे किलोमीटरवर, ब्युनोस आयर्समध्ये. शेवटी गावातल्या एका क्लबचे हिरव्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे शर्ट मागून आणले, घाईघाईत त्यांवर आकडे चिकटवले. काही खेळाडूंच्या पाठीवर एक आकडा तर चड्डीवर दुसरा! खाली फ्रान्सची निळी चड्डी आणि लाल मोजे तसेच. सामना पाऊण तासाच्या आसपास उशिरा सुरू झाला. फ्रान्स ३-१ ने जिंकला. दोन्ही संघ आधीच बाद झाल्याने निकालाला तसे महत्त्व नव्हते.

या प्रसंगाचे हसू होते, पण ज्या कारणासाठी हा खटाटोप झाला ते चुकीचे नव्हते. प्रेक्षकाला कोण कुठल्या बाजूचा हे कळलेच पाहिजे.

पुढे टीव्ही रंगीत झाले, तरी 'एक गडद, एक फिकट' हा आग्रह टिकला, उलट कडक झाला. शर्टापुरता असलेला विचार चड्डी-मोज्यांपर्यंत उतरला. २०१४ मध्ये स्पेनने निळी चड्डी सोडून नखशिखान्त लाल केले, जर्मनीने काळी चड्डी टाकून सगळे पांढरे. अर्जेंटिना आणि जर्मनी तीनदा अंतिम सामन्यात भेटले : १९८६ मध्ये जर्मन हिरव्यात, १९९० आणि २०१४ मध्ये अर्जेंटिना निळ्यात. जुन्या चाहत्यांना आकाशी पट्टे नसलेला अर्जेंटिना आजही खटकतो आणि त्यांची तक्रार अगदीच गैर म्हणता येत नाही. शिवाय एका देशाला तीन-तीन जर्स्या लागल्या की विकायलाही तीन मिळतात.

गोलरक्षकांचे वेगळे रंग १९०९ पासूनचे. रेफरींचा काळा गणवेश १९९४ च्या विश्वचषकात गेला. त्यावर फारसा वाद झाला नाही.

वाद झाला तो २०१८ च्या विश्वचषकाच्या उद्घाटनाच्या सामन्यावर. यजमान रशिया लाल, सौदी अरेबिया हिरवा. बहुतेकांना यात काही वावगे वाटले नाही. पण साधारण बारा पुरुषांमागे एकाला रंगांधत्व असते आणि लाल-हिरव्याची गल्लत हा त्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार. अशा प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. दोन्ही रंग गडद होते. मार देल प्लातात ज्या निकषापायी एवढी धावपळ झाली, तोच लावला असता तर त्या दिवशी दोघांपैकी एक संघ पांढऱ्यात उतरला असता.