जेट इंजिन : ज्वलनकक्षाचे विस्मृत शिल्पकार

जेट इंजिनाचे जनक म्हणून ब्रिटनचे फ्रँक व्हिटल आणि जर्मनीचे हान्स फोन ओहाइन ही दोन नावे सर्रास घेतली जातात. त्यांच्याही आधी, १९२१ मध्ये, फ्रान्सच्या माक्सिम गियोम यांनी अशा इंजिनाचे पेटंट घेतले होते, पण ते कागदावरच राहिले. खरे घोडे अडले ते ज्वलनापाशी. कॉम्प्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून, सुसाट येणाऱ्या हवेत, अगदी थोड्या जागेत, ज्योत विझू न देता सगळे इंधन जाळायचे होते.

मॅक्स हान हे ग्यॉटिंगेनमधल्या एका गॅरेजचे मेकॅनिक. ओहाइन आपली मोटार तिथेच दुरुस्तीला टाकत. हान यांनी त्यांचा आराखडा हाताने घडवता येईल इतका सोपा केला आणि सुमारे १,००० मार्क खर्च सांगितला. तयार झालेले यंत्र मात्र स्वतःच्या बळावर फिरेना; पेट्रोल कक्षात पुरते जळतच नव्हते, मागच्या तोंडातून ज्वाळा निघत. तरीही १९३६ मध्ये विमान कारखानदार एर्न्स्ट हाइंकेल यांनी दोघांनाही नोकरीवर घेतले. पुढच्या वर्षी इंजिन चालले, पण हायड्रोजनवर. ही तशी पळवाटच, कारण हायड्रोजन झटकन पेटतो. द्रव इंधनाच्या इंजिनात ज्वलनकक्ष कॉम्प्रेसरच्या पुढच्या रिकाम्या जागेत बसवण्याची युक्ती हान यांची. त्याच धाटणीच्या इंजिनावर २७ ऑगस्ट १९३९ रोजी हाइंकेल १७८ उडाले. टर्बोजेटवरचे, म्हणजे टर्बाइनने कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या जेट इंजिनावरचे, ते जगातले पहिले उड्डाण.

व्हिटल यांचा छळही ज्वलनानेच मांडला होता. एप्रिल १९३७ मधल्या पहिल्या चाचण्यांत इंधन बंद केले तरी इंजिनाचा वेग वाढतच गेला आणि भोवतालची माणसे पळाली. गळलेले इंधन आत साचून जळत होते. इंधनाची आधी वाफ करणाऱ्या नळ्या पुढेही त्रास देत राहिल्या. १९४० मध्ये शेल या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील आयझॅक लबक यांनी इंधनाचा बारीक फवारा मारणारा बर्नर दिला, तेव्हा कुठे हा पेच सुटला.

बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ग्यॉर्गी येंड्रासिक यांचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. त्यांचे सीएस-१ हे जगातले पहिले चालते टर्बोप्रॉप (टर्बाइनने विमानाचा पंखा फिरवणारे) इंजिन १९४० मध्ये चाचणीला लागले. अपेक्षा १,००० अश्वशक्तीची. ज्वलनातील दोषांमुळे मिळाली जेमतेम ४००. दोष निस्तरण्याआधीच, १९४१ मध्ये, हंगेरीच्या हवाई दलाने जर्मन मेसरश्मिट २१० विमान निवडले आणि सीएस-१ चे काम थांबले.