ओढ्यात पिशवी अडकते तेव्हा

पावसाळ्यात ओढ्यावरच्या पुलावरून जरा खाली वाकून बघा. पाण्यात आडवी पडलेली एखादी फांदी असते आणि तिला पिशवी लपेटलेली असते. नुसत्या फांदीतून पाणी सहज वाट काढतं. पिशवी मात्र पाण्याच्याच रेट्याने फांदीला चिकटते, ताणली जाते आणि पडदा होते. मग त्या पडद्याला थर्माकोल, निर्माल्य, चपला, आणखी पिशव्या. पालापाचोळाही असाच अडकतो, पण तो कुजून मोकळा होतो. मोरीच्या तोंडाशी हा बांध बसला की पाणी मागे तुंबत जातं आणि शेवटी बाजूच्या वस्तीत शिरतं.

राडारोड्याची तऱ्हा वेगळी. तो वाहून जात नाही, काठावर बसून पात्र आवळतो. तेवढंच पाणी अरुंद जागेतून जायचं तर वेग वाढतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा मारा चौपट होतो आणि समोरचा काठ खचू लागतो. कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेला मिळणारा पुण्याचा आंबिल ओढा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री असाच घराघरांत घुसला. पाऊस प्रचंड होता हे खरंच, पण ओढ्याला अंग पसरायला जागा तरी कुठे ठेवली होती? शिवाय राडारोड्यातली बारीक माती गोट्यांच्या फटींत बसते. त्या फटी म्हणजे पाणकिड्यांची घरं.

आता एक गंमत. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी शहरी ओढ्यांतले दगड आणि कचरा दोन्ही उचलून त्यांवरचे जीव मोजले. जास्त प्रकारचे जीव कचऱ्यावर निघाले, त्यातही प्लॅस्टिकवर! लवचीक प्लॅस्टिक पाण्यात पाणवनस्पतीसारखं डोलतं, म्हणून बहुधा. यावरून कचरा बरा असं कुणी समजू नये. प्राण्यांच्या गळ्यात, पोटात जाणारं प्लॅस्टिकही हेच. या ओढ्यांत धरून राहण्यासारखं दुसरं फारसं काही उरलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे मे महिन्यात नालेसफाईला पोकलेन उतरतो. गाळ, पिशव्या, गोटे, काठचं गवत, सगळं एकाच बकेटमध्ये वर येतं. खाली राहतो सपाट तळ. तिथे पाणकिड्याच्या अळीने पाय रोवायचे कशात?