हात देण्याआधी थांबणारे यंत्र

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर मध्यंतरी एक चित्रफीत आली. एका गृहस्थांचा लुळा हात यंत्राच्या दांड्याला बांधलेला होता आणि ते यंत्र तो हात टेबलावर पुढेमागे नेत होते. खाली ‘लकव्यावर रोबोटचा रामबाण उपाय’ अशी ओळ होती. गिरगावात राहणाऱ्या माझ्या काकांचा उजवा हात पक्षाघाताने गेलेला असल्यामुळे घरात लगेच चौकशी सुरू झाली. यंत्राने हात हलवला की हात सुधारतो, असा सर्वांचा समज झाला होता. या यंत्रांमागचा विचार मात्र जवळजवळ उलटा आहे.

‘अंगावरून वारं गेलं’ असे आपण म्हणतो, पण त्यात वाऱ्याचा संबंध नसतो. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते आणि तिच्यावर पोसला जाणारा भाग मरतो. हाताचे स्नायू शाबूत असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचणारा हुकूम तुटलेला असतो. म्हणून कबुतराचे रक्त हाताला चोळून काहीही साधत नाही, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येत असल्याने असल्या उपायांत गेलेला वेळ फार महागात पडतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारचा भाग त्यांचे काम काही अंशी उचलू शकतो. मेंदूसंशोधक रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून दाखवले की इजेनंतर हाताचा सराव करून घेतला, तर मेंदूतला हाताचा उरलेला नकाशा, म्हणजे हात हलवणारा भाग, टिकतो, एरवी तो आक्रसतो. सराव मात्र स्वतःच्या प्रयत्नाचा आणि भरपूर हवा. फिजिओथेरपीच्या नेहमीच्या बैठकीत हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी ३२ च होतात, असे अमेरिकेतल्या एका पाहणीत आढळले होते. यंत्र थकत नसल्यामुळे तासाभरात हजार हालचाली करून घेऊ शकते.

या क्षेत्रातले आद्य यंत्र म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी घडवलेले ‘एमआयटी-मॅनस’. पडद्यावर वर्तुळात आठ लक्ष्ये असतात. एक उजळले की रुग्णाने दांडा मध्यापासून तिथवर न्यायचा. संगणक मधल्या वाटेवर एक अदृश्य गल्ली आखतो. तिच्या बाजूच्या भिंती जणू स्प्रिंगच्या असतात: हात वाटेवर असेल तर बल शून्य, आणि बाहेर सरकला तर जेवढा सरकला त्या प्रमाणात आत ढकलणारे बल. शाळेत शिकलेला हुकचा नियम तो हाच. समजा, स्प्रिंगचा स्थिरांक मीटरला २०० न्यूटन आहे. मग ५ सेंटिमीटर भरकटलेल्या हाताला १० न्यूटन, म्हणजे साधारण किलोभर वजनाएवढा रेटा मिळेल. त्यात वेगाच्या प्रमाणात विरोध करणारे अवमंदनाचे पद मिळवावे लागते, नाहीतर हात डुलत राहील. कडकपणा आणि अवमंदन हे दोन आकडे बदलून यंत्राने किती नमते घ्यावे हे ठरवता येते. होगन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या ‘इंपीडन्स नियंत्रणा’चा हा गाभा आहे. कारखान्यातल्या जुन्या धाटणीच्या रोबोटला ठरलेल्या जागी पोहोचणे तेवढे माहीत असते. वाटेत माणसाचा हात आला तरी तो नमत नाही.

मला सर्वांत आवडते ती या गल्लीची मागची भिंत. ती लक्ष्याकडे हळूहळू सरकत असते. रुग्ण तिच्या पुढे असेल तर ती त्याला स्पर्शही करत नाही, मागे पडला तरच रेटते. आणि त्याने स्वतः हालचाल सुरू करावी म्हणून ती आधी काही क्षण वाट पाहते. काही फेऱ्यांनंतर संगणक रुग्णाची कामगिरी तपासून भिंतीचा वेग आणि कडकपणा बदलतो. एवढा खटाटोप अशासाठी, की मदत वाढली की रुग्णाचा जोर नकळत घटतो; कमी श्रमात काम भागवणे हा चेतासंस्थेचा स्वभावच आहे.

हे मी काकांच्या जेवणाच्या टेबलावर पाहिले आहे. टॉवेल पुढे सरकवण्याचा व्यायाम होता आणि काकू त्यांच्या कोपराखाली हात घालून टॉवेल झरझर पलीकडे नेत होत्या. फिजिओथेरपिस्टबाईंनी काकूंची फक्त दोन बोटे कोपराखाली ठेवली आणि म्हणाल्या, “काकू, हात अडला तरी लगेच ढकलू नका. आधी त्यांना प्रयत्न करू द्या.” टॉवेल चार बोटे सरकायला अर्धे मिनिट लागले आणि काकांच्या कपाळावर घाम आला, पण ते अंतर त्यांचे स्वतःचे होते.

‘रामबाण’ या शब्दाला मात्र पुरावा नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२७ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत रोबोटने नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडा आणि उशिरा दिसणारा लाभ दिला, पण तितक्याच जोमाने दिलेल्या मानवी उपचारांपेक्षा तो सरस ठरला नाही. ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत हाताच्या प्रत्यक्ष वापरात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. खांदा आणि कोपर सपाट टेबलावर फिरू लागले तरी सदऱ्याचे बटण लावणे हे बोटांचे वेगळे काम आहे आणि त्याचा सराव वेगळाच करावा लागतो. काकांच्या टेबलावर आता टॉवेलच्या जोडीला स्टीलचा पेला असतो, आधी रिकामा, मग पाव भरलेला, आणि काकूंची दोन बोटे पेल्याच्या तळाशी, टेकलेली नव्हे, जवळ धरलेली.