शीर काढली की बंद केली? व्हेरिकोज व्हेन्सच्या दोन ऑपरेशनांमधला फरक

आईच्या पायाची शीर काढली, त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या पायाची तीच शीर लेसरने बंद केली. घरात मात्र दोन्हींना एकच नाव होतं, ‘शिरांचं ऑपरेशन’. त्यामुळे मी त्याच दिवशी चालत घरी आले तेव्हा आईला वाटलं, काहीतरी अर्धवट राहिलंय. आणि आठव्या दिवशी माझ्या मांडीच्या आतल्या बाजूला ओढ बसून दुखायला लागलं तेव्हा ती घाबरली, मीही घाबरले. तिचं दुखणं आठव्या दिवसापर्यंत उतरणीला लागलं होतं, माझं नेमकं तेव्हाच वर आलं. खरं तर काहीच बिघडलेलं नव्हतं. ऑपरेशनं वेगळी होती, म्हणून बरं होण्याची रीतही वेगळी होती. हे आधी कुणी समजावलं असतं तर दोघींची एक रात्र तरी शांत झोपेत गेली असती, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी शीर कोणती ते पाहू. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून पोटरी, गुडघा, मांडी असं चढत ती जांघेत खोलवरच्या मोठ्या शिरेला मिळते. डॉक्टर तिला ग्रेट सॅफेनस म्हणतात. शरीरातली सगळ्यात लांब शीर हीच. रक्त वरच जावं, खाली येऊ नये म्हणून तिच्यात झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की वर चढलेलं रक्त पुन्हा खाली येतं आणि पोटरीवरच्या फांद्या फुगून वेटोळी दिसायला लागतात. यांनाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करताना पोटरी दाबून सोडतात आणि रक्त किती वेळ उलटं वाहतं ते बघतात. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ वाहिलं तर झडप गळतेय असं धरतात. म्हणजे गाठी दिसतात पोटरीवर, पण गळतीचं मूळ बहुतेकदा वर जांघेत असतं. दोन्ही ऑपरेशनं या मुळावरच केली जातात.

इथे पहिली भीती उभी राहते: एवढी लांब शीर गेली तर रक्त वर जाणार कुठून? पायातलं जवळजवळ 90 टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जातं. कातडीखालची ही शीर उरलेल्या थोड्या वाट्याची धनी, आणि गळायला लागली की तेवढंही काम ती धड करत नाही. म्हणून आधी सोनोग्राफीत खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे पाहतात. दुसरी भीती आपल्या भाषेमुळे येते. बोलताना आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. ‘नस काढली’ असं कानावर पडलं की पाय लुळा पडेल असं वाटतं. काढतात ती रक्ताची शीर. मज्जातंतूचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे पुढे येते.

आईचं झालं ते स्ट्रिपिंग. 1907 मध्ये बॅबकॉक या अमेरिकन सर्जननी शिरेच्या आतून घालायची लवचीक तार वापरली, त्याच कल्पनेवर ते अजून चालतं. कमरेतून किंवा पूर्ण भूल देतात. जांघेत लहानसा छेद घेऊन शीर जिथे खोल शिरेला मिळते तिथे बांधून तोडतात, तिथे येणाऱ्या छोट्या फांद्याही बांधतात. मग शिरेतून तार घालून गुडघ्याच्या जरा खाली बाहेर काढतात, वरचं टोक तारेला बांधतात आणि ओढतात. शीर मोजा उलटा करावा तशी आतून उलटी होत बाहेर येते. पूर्वी थेट घोट्यापर्यंत ओढत. पण गुडघ्याखाली सॅफेनस नावाचा मज्जातंतू शिरेला अगदी लगटून जातो, त्याला इजा होऊन पायाला बधिरपणा येई. म्हणून आता बहुधा गुडघ्यापाशी थांबतात.

माझी शीर जागेवरच राहिली. गुडघ्याजवळ सुईएवढ्या भोकातून एक बारीक नळी आत सरकवली आणि सोनोग्राफीत बघत जांघेपर्यंत नेली. लेसरचं टोक खोल शिरेपासून साधारण दोन सेंटीमीटर अलीकडेच थांबवतात, उष्णता तिथे पोचू नये म्हणून. त्यानंतरचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटला. भुलीचं औषध मिसळलेलं सलाइन सुईने शिरेच्या भोवती भरत जातात. पडद्यावर मघापर्यंत शीर म्हणजे एक गोल काळं भोक होतं. पाणी भरलं तसं तिच्याभोवती वलय आलं आणि मधली शीर आक्रसून नळीला चिकटली. हे पाणी दुखणं थांबवतं, शीर दाबून धरतं आणि आजूबाजूच्या कातडीला, मज्जातंतूंना उष्णतेपासून दूर ठेवतं. टोचण्या बऱ्याच होतात, हे मी लपवणार नाही. नंतर लेसर सुरू करून नळी हळूहळू मागे घेतात आणि शीर आतून भाजून बंद होत जाते. रेडिओफ्रिक्वेन्सी हे याचंच भावंड, फक्त उष्णता लेसरऐवजी रेडिओलहरींच्या ऊर्जेने देतात. त्याच्या नेहमीच्या नळीत 7 सेंटीमीटरचा तुकडा 20 सेकंद 120 अंशांवर तापवतात, मग पुढचा तुकडा.

‘लेसर आहे, म्हणजे ऑपरेशन नाहीच,’ असं सहज म्हटलं जातं आणि माझ्या मते याच वाक्याने लोक गाफील राहतात. चिरा नसल्या तरी आत गुडघ्यापासून जांघेपर्यंत भाजलेली शीर आहे आणि ती शरीराला पचवायची आहे. शिवाय पोटरीवरच्या फुगलेल्या गाठी लेसरने जात नाहीत, त्यांच्या वेटोळ्यांतून नळी सरकतच नाही. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून बारीक आकड्याने ओढून काढतात, नाहीतर फेसाचं औषध टोचून बंद करतात. आईच्याही तशाच काढल्या होत्या. पोटरीवरचे काळेनिळे डाग म्हणूनच दोघींचे सारखे होते.

आता बरं होण्याचा भाग. आईची मांडी दुसऱ्या दिवशी आतून जांभळी झाली होती, मग हिरवट, मग पिवळी, आणि तो रंग गुरुत्वाकर्षणाने खाली गुडघ्याकडे उतरत गेला. शीर ओढून काढलेल्या पोकळीत रक्त साकळतं, त्याच्या टणक गाठी हाताला लागतात आणि काही आठवड्यांत विरतात. दुखणं पहिल्या दोन-चार दिवसांत सगळ्यात जास्त, पुढे रोज कमी. जांघेतल्या टाक्यांकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं, तिथे ओल धरून जंतुसंसर्ग होऊ शकतो. कामावर परतायला एक ते तीन आठवडे, कामात किती उभं राहायचं आणि किती उचलायचं त्यावर.

माझे पहिले तीन-चार दिवस फसवे हलके गेले. नंतर बंद झालेली शीर आकसायला लागली आणि मांडीत आतून दोरी ताणल्यासारखं वाटू लागलं. पाय सरळ केला की ओढ, हात लावला की दुखरी कठीण रेघ. ही रेघ म्हणजे बंद पडलेली शीर. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास ती अनेकांना जाणवते, चालणं आणि डॉक्टरांनी दिलेली सूज-वेदनेची गोळी यांनी सुसह्य होते आणि दोन-तीन आठवड्यांत सैल पडते. कामावर मी आठवड्याच्या आतच गेले.

या रेघेची आणि खोल शिरेतल्या गुठळीची गल्लत होऊ देऊ नका. रेघ कातडीखाली, उपचार झालेल्या मार्गावरच असते, बोटाने दाखवता येते आणि पाऊल सुजत नाही. खोल शिरेत गुठळी झाली तर बहुधा पोटरी किंवा अख्खा पाय सुजतो, ताठरतो, खोलवर दुखतो आणि पाय वर ठेवूनही सूज फारशी उतरत नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉप्लर व्हायला हवी, कुठलंही ऑपरेशन झालेलं असो. दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर फोनवर विचारत न बसता थेट तातडीच्या विभागात जा. आपल्याला ओळखता येत नसेल तर दाखवून या. नुसती रेघच निघाली तरी तो फेरा वाया गेला असं मी मानत नाही.

दोन्हींत सारखं असं की पहिल्याच दिवसापासून थोडं थोडं चालायचं, एका जागी ताटकळत उभं राहायचं नाही, बसलं की पाय वर. स्टॉकिंग्ज, म्हणजे पाय आवळून धरणारे लांब मोजे, किती दिवस घालायचे, यावर डॉक्टरांची मतं वेगळी आहेत. उपचार कसे करावेत याचं मार्गदर्शन काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शनात उपचारानंतर सात दिवसांपेक्षा जास्त नकोत असं म्हटलंय, काहीजण जास्त दिवस सांगतात. आपल्या डॉक्टरांचं ऐका, पण कारण जरूर विचारा. छेदातून रक्त आलं तर आडवं होऊन पाय उंच करा आणि बोटाने घट्ट दाबून धरा. गाडी चालवायची ती ब्रेक जोरात दाबताना पाय कचरणार नाही तेव्हाच. बधिर झालेला कातडीचा तुकडा दोन्हींनंतर राहू शकतो. बहुतेकदा काही महिन्यांत तो कमी होतो, पण आईच्या घोट्याच्या वर अजून एक हातभर जागा आहे, तिथे स्पर्श कळतो, टोचणं कळत नाही. चालण्यावर त्याचा काही परिणाम नाही.

कोणती पद्धत चांगली? नाइसच्या त्याच मार्गदर्शनात शीर भाजून बंद करणं पहिल्या पसंतीला आहे, ते जमत नसेल तर फेसाचं इंजेक्शन, आणि तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया. पण शीर फार नागमोडी असेल, आत जुनी गुठळी असेल किंवा ती अगदी कातडीलगत असेल, तर काढणंच बरं पडतं. त्यात कमीपणा काही नाही. गाठी पुन्हा येण्याची शक्यता दोन्हींत राहते, कारणं वेगळी. काढल्यावर जांघेत नवीन बारीक शिरा फुटू शकतात, बंद केलेली शीर कधी पुन्हा उघडू शकते.

म्हणून घरी जाताना मिळणारं कार्ड नीट वाचा आणि जपून ठेवा. त्यावर स्ट्रिपिंग आहे, लेसर आहे की रेडिओफ्रिक्वेन्सी, कोणत्या पायाची कोणती शीर आणि कुठपर्यंत, हे लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तिथेच लिहून घ्या. काही वर्षांनी पाय पुन्हा दुखला आणि सोनोग्राफी झाली, तर आईच्या मांडीत त्या जागी काहीच दिसत नाही. माझ्यात सुरुवातीला बारीक, कडक दोरीसारखी शीर दिसत होती. वर्षभरानंतरच्या तपासणीत तीही शोधावी लागली.