गाडी दोन टनांची, वेग पंधराचा

ठाण्यातल्या कासारवडवलीहून सकाळी नऊच्या सुमारास निघालेली मोठी डिझेल एसयूव्ही माजिवड्यापर्यंत सातआठ किलोमीटर चालते. मेट्रोचे खांब, आनंदनगर, वाघबीळ, मानपाडा, कापूरबावडी असं करत तिला कधी पाऊण तास लागतो, कधी त्याहून जास्त. मीटरवर सात किलोमीटर चढतात, पण इंजिनाने पाऊण तास काम केलेलं असतं. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या गाड्यांची निम्मी दुखणी या फरकातून येतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

गणित करून पाहा. ऑइल १०,००० किलोमीटरला बदलायचं ठरलं आहे. सरासरी वेग ताशी ६० असेल तर ते अंतर कापायला इंजिन सुमारे १६७ तास चालतं. सरासरी १५ असेल तर तेच अंतर ६६७ तासांचं होतं. म्हणजे चौपट वेळ तेच ऑइल काजळी आणि उष्णता सोसत राहतं. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळं, कमी अंतराचं वेळापत्रक छापलेलं असतं. थांबत-रांगत चालणं, धूळ, थोड्या अंतराच्या फेऱ्या या सगळ्याचा त्यात उल्लेख असतो. ठाण्यातल्या बहुतेक मोठ्या गाड्यांनी तेच वेळापत्रक पाळायला हवं.

हळू चालण्याचा सर्वात मोठा फटका बसतो डीपीएफला, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरला. १ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुराबाबतचे बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत हा फिल्टर येऊन बसला. सच्छिद्र सिरॅमिकच्या ठोकळ्यात बारीक समांतर नळ्या असतात. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला नळीच्या भिंतीतूनच पार व्हावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. ती जाळून टाकली की फिल्टर पुन्हा मोकळा. मात्र काजळी नीट जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि रांगेत सरकणाऱ्या गाडीचा धूर बऱ्याचदा २५० अंशांपर्यंतही पोहोचत नाही.

म्हणून गाडीचा संगणक स्वतःच पुढाकार घेतो. नेहमीचं इंधन जळून झाल्यावर तो सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते पुढे धुराच्या वाटेतल्या कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या भागात, जळतं, धूर तापतो आणि काजळी जळू लागते. गॅरेजवाले याला ‘रिजन’ म्हणतात. त्याला साधारण १० ते २० मिनिटं सलग चालणारी गाडी लागते. रिजन चालू असताना उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे थोडे वाढलेले असतात, ॲव्हरेज अचानक घसरतं, गाडी बंद केली तरी पंखा घुमत राहतो. नेमकं तेव्हाच सोसायटीचं गेट येतं आणि आपण गाडी बंद करतो.

असं वारंवार झालं की जास्तीच्या डिझेलचा काही भाग न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतो आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. पेट्रोल गरम ऑइलमधून बऱ्यापैकी उडून जातं, डिझेल तसं सहज उडत नाही. ऑइल पातळ होतं, बेअरिंगवरचा त्याचा थर कमकुवत होतो. म्हणून महिन्यातून एकदा सपाट जागी, गार इंजिनात डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघा. पातळी खाली गेली तर सगळेच घाबरतात, पण ती वरच्या खुणेच्याही वर गेली असेल तर अधिक घाबरायला हवं. ऑइल आपोआप वाढत नाही.

उपाय महागडा नाही. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा सकाळी लवकर नाशिक महामार्गाने पडघ्याच्या दिशेने, किंवा नवी मुंबईकरांनी कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने, अर्धा तास एकसारख्या वेगात गाडी चालवावी. पाम बीच रोड दिसतो मोकळा, पण तिथले सिग्नल ही लय तोडतात. ऑइलही डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच हवं. काजळी जळते, ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साचते. आणि ज्यांची गाडी फक्त मुलांना शाळेत सोडते, त्यांनी डिझेल घेऊच नये.

काही जण डीपीएफ काढून द्यायला तयार असतात. हे बेकायदा आहे, पण त्याहून गंभीर बाब धुराची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. सर्व्हिस रोडवरून दप्तर घेऊन चालणारं मूल मोठ्या माणसापेक्षा सायलेन्सरच्या अधिक जवळच्या उंचीवर श्वास घेत असतं. कुणी असं सुचवलं तर ठाम नाही म्हणा.

वजनाची दुसरी किंमत ब्रेक मोजतात. सात माणसं आणि सामान धरून अडीच टनांची गाडी लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरते, तेव्हा ती सुमारे ५०० मीटर उंची गमावते. ही ऊर्जा १२ मेगाज्यूलच्या पुढे जाते, म्हणजे आंघोळीचं ४० लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी. गाडी खालच्या गियरवर उतरवली तर त्यातला बराच भाग इंजिन झेलतं, नाहीतर सगळी उष्णता डिस्क आणि पॅडवर येते. तिथून ती ब्रेक ऑइलपर्यंत जाते. नवं डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल खाली जातं. खाडीकाठच्या दमट हवेत दोन वर्षांनी हे ऑइल बदलणं टाळू नये.

खड्ड्यांमुळे सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश खडखडू लागतात, ते ऐकू येतं म्हणून लोक वेळेत दाखवतात. पाण्याचं तसं नसतं. नवी मुंबईचे काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की रस्त्यावर पाणी तुंबतं, आणि उंच गाडीवाल्याला वाटतं आपण सहज जाऊ. दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात, हवा सोळाव्या हिश्श्यात दाबणाऱ्या सिलिंडरच्या माथ्याशी उरणारी जागा जेमतेम ३३ मिलिलिटर असते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून एवढं पाणी आत गेलं तरी पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करून बघू नका. ती ओढून बाहेर न्या, आणि मेकॅनिकने ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडर मोकळे केल्यावरच इंजिन फिरवू द्या.