कर्नलची झोप आणि जाग: सस्पेंड-रिझ्यूममागची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला जीपीएस कॉलर लावण्यात आली. पुढे ‘वॉकर’ नावाने ओळखला गेलेला हा वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणातून तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. हा सगळा माग कळला, कारण त्याच्या गळ्यातली बॅटरी टिकली. ती मधेच चार्ज करण्याची सोय नसते. म्हणून अशी उपकरणे बहुतेक वेळ झोपलेली असतात, ठरल्या वेळी उठतात, ठिकाण नोंदवतात आणि पुन्हा झोपतात. काटोल-नरखेडच्या संत्रा बागेत जमिनीतला ओलावा मोजणारे यंत्र असो की नाल्याची पाणीपातळी पाहणारे, हिशेब हाच.

या झोपण्याला सस्पेंड आणि उठण्याला रिझ्यूम म्हणतात; कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. झोपवणे हा या कामातला सोपा भाग आहे. वीज तोडली की यंत्र झोपते. अवघड प्रश्न दोन: झोपायचे केव्हा हे ठरवायचे कोणी, आणि निर्णय झाल्यावर पण झोप लागण्याआधीच्या क्षणी हाक आली तर ती ऐकायची कशी? गेल्या पस्तीस वर्षांतला या क्षेत्राचा इतिहास याच दोन प्रश्नांभोवती फिरतो, असे माझे मत आहे.

सुरुवात लॅपटॉपपासून झाली. १९९० साली इंटेलने ३८६एसएल हा प्रोसेसर आणला आणि त्यात सिस्टिम मॅनेजमेंट मोड दिला. एक खास इंटरप्ट (चालू काम थांबवणारी हार्डवेअरची हाक) आला की प्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला सारून फर्मवेअरचा, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रामचा, कोड चालवी आणि काम झाले की मुकाट परत येई. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम हे मानक आणले. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणे होते, पण खरी सत्ता बायोसकडेच, म्हणजे पीसीच्या फर्मवेअरकडेच, राहिली. कोणता प्रोग्राम काय करतो आहे हे बायोसला माहीत नसे. कीबोर्ड बराच वेळ शांत आहे एवढ्यावरून तो यंत्र झोपवू शके, मग आत फाइल उतरत असली तरी. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणले आणि निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिला. मेमरी जिवंत ठेवून बाकी सगळे बंद करणारी एस३ आणि डिस्कवर सगळे लिहून पूर्ण बंद होणारी एस४ ही नावे तिथली.

हातात मावणाऱ्या उपकरणांत मात्र बायोस नव्हताच. जे करायचे ते कर्नल लिहिणाऱ्यानेच करायचे, आणि मला हा या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा टप्पा वाटतो. २००० साली कॉम्पॅकचा आयपॅक आला. त्यात इंटेलची स्ट्राँगआर्म एसए-१११० ही चिप होती आणि कॉम्पॅकच्याच संशोधकांनी त्यावर लिनक्स चढवले. आपल्याकडे बेंगळुरूत घडलेला सिम्प्युटरही याच चिपवर आणि लिनक्सवर चालत असे. ही चिप झोपली की घड्याळ आणि मोजके रजिस्टर (चिपमधले छोटे साठे) सोडून आतले सगळे पुसले जाई. डेटा उरे तो बाहेरच्या एसडीरॅममध्ये, तोही सेल्फ-रिफ्रेशमध्ये, म्हणजे मेमरी स्वतःच स्वतःला ताजी ठेवते त्या अवस्थेत.

तेव्हा झोपण्याआधी कर्नलने प्रोसेसरचे रजिस्टर मेमरीत जपायचे, कॅशेतले, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीतले, न लिहिलेले सगळे मुख्य मेमरीत उतरवायचे, आणि उठल्यावर कुठून सुरुवात करायची तो पत्ता चिपमधल्या एका छोट्या राखीव रजिस्टरमध्ये लिहायचा. मग मेमरी सेल्फ-रिफ्रेशमध्ये टाकायची. पण त्या क्षणानंतर मेमरीतून पुढची सूचना वाचता येत नाही! म्हणून झोपवणाऱ्या शेवटच्या सूचना कॅशेतून चालतील अशा बेताने मांडाव्या लागत. एआरएम (स्ट्राँगआर्म ज्या घराण्यातली ते प्रोसेसर) कर्नलमधला असा असेंब्ली कोड, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेला कोड, पहिल्यांदा वाचताना प्रत्येक ओळ तिथेच का आहे, हे समजून घेण्यात मोठा आनंद आहे.

उठणे याहून नाजूक. जाग येते ती रिसेटसारखीच. बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, सुरू होतो आणि त्याला आधी ठरवावे लागते की हे नवे बूट आहे की झोपेतून उठणे. चिपमधला एक बिट ते सांगतो. झोपेतून उठणे असेल तर बूटलोडरने मेमरीला हात न लावता जपलेल्या पत्त्यावर उडी मारायची. तो पत्ता भौतिक असतो, कारण एमएमयू, म्हणजे प्रोग्रामचे आभासी पत्ते मेमरीतल्या खऱ्या, भौतिक पत्त्यांत बदलणारा भाग, अजून बंद आहे. कर्नल तिथून एमएमयू चालू करतो, आणि चालू होण्याच्या त्या एका क्षणी भौतिक आणि आभासी पत्ता सारखाच हवा, नाहीतर पुढची सूचना सापडणारच नाही. त्यासाठी पेज टेबलमध्ये, म्हणजे या पत्त्यांच्या तक्त्यात, तेवढ्या तुकड्याची एकास-एक नोंद करून ठेवतात. बूटलोडर एकाचा, कर्नल दुसऱ्याचा, आणि दोघांचे या करारावर एकमत नसले की यंत्र उठत नाही, पडदा काळाच राहतो. आज आपल्याकडे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला ईएसपी३२ ही छोटी चिप घेऊन प्रकल्प करणाऱ्या मुलांना हाच धडा मिळतो: डीप स्लीपमधून उठल्यावर प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, उरते ते फक्त आरटीसी मेमरीत, म्हणजे झोपेतही चालणाऱ्या घड्याळाशेजारच्या मेमरीत, ठेवलेले. पुढे एआरएमने पीएससीआय हे मानक आणले आणि कर्नल व फर्मवेअर यांच्यातला हा करार बराचसा एकसारखा झाला.

प्रोसेसर उठला तरी काम संपत नाही. डिस्प्ले, टच, मोडेम, कॅमेरा यांना कोणत्या क्रमाने झोपवायचे? लिनक्सच्या २.५ मालिकेत पॅट्रिक मोशेल यांनी डिव्हाइस मॉडेल उभे केले, त्यामागे हा प्रश्न मोठा होता. सगळी उपकरणे एका झाडात मांडायची, झोपवताना पाने आधी, बुंधा शेवटी, उठवताना उलट. २००८ मध्ये ड्रायव्हरच्या (उपकरण चालवणाऱ्या कोडच्या) कॉलबॅकचे, म्हणजे कर्नल बोलावतो त्या फंक्शनांचे, टप्पे पाडले गेले, इंटरप्ट बंद झाल्यानंतरचा टप्पा वेगळा निघाला. रफाएल वायसोत्स्की यांचे या सगळ्या बांधणीत मोठे काम आहे. पण एम्बेडेड बोर्डावर झाड पुरत नाही. टचस्क्रीन एका आयटूसी बसवर (चिपांना जोडणाऱ्या तारांवर) असते, तिला वीज देणारी पॉवर चिप दुसऱ्या बसवर. बसच्या झाडात त्यांचे नाते नाही, विजेत मात्र आहे. पॉवर चिप आधी झोपली की टचस्क्रीनचा ड्रायव्हर अडकतो. हे नाते कर्नलला उघड सांगण्याची सोय, डिव्हाइस लिंक, फेब्रुवारी २०१७ मध्ये लिनक्स ४.१० सोबत आली. तोवर बोर्डागणिक जोडकाम चालले.

निर्णय कोणाचा, या प्रश्नाला खरी धार आली ती लिनक्स कर्नलवरच उभ्या असलेल्या अँड्रॉइडमुळे. २००८ अखेर पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. त्याचा नियम लॅपटॉपच्या नेमका उलटा होता: झोप हीच नेहमीची अवस्था, जागे राहायचे असेल तर कारण द्या. कारण देण्याचे साधन म्हणजे वेकलॉक. फोन आला, ड्रायव्हरने वेकलॉक धरला, वरच्या प्रोग्रामने आपला वेकलॉक धरला की ड्रायव्हरने सोडला, आणि शेवटचा सुटला की यंत्र लगेच झोपले. २००९ मध्ये गूगलचे आर्वे यॉनेवोग यांनी हा कोड मुख्य लिनक्स कर्नलसाठी मांडला आणि मोठा वाद पेटला. विरोधकांचे म्हणणे असे की ज्यांना थांबता येते त्यांना नीट थांबायला शिकवा, सगळ्यांचा गळा एकदम दाबू नका; शिवाय एका बेपर्वा ॲपने वेकलॉक सोडला नाही तर बॅटरी संपणारच. समर्थकांचे म्हणणे, बाजारातले प्रत्येक ॲप नीट लिहिलेले असेल ही अपेक्षाच चुकीची आहे. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. २०१० च्या सुरुवातीला अँड्रॉइडचे ड्रायव्हर लिनक्सच्या स्टेजिंग या कच्च्या कोडच्या विभागातून काढूनही टाकले गेले.

या भांडणातून जे निघाले ते मोलाचे आहे. हाक चुकण्याचा धोका विरोधकांनाही मान्य करावा लागला. लॅपटॉपवर झाकण मिटले, त्याच क्षणी नेटवर्कवरून जागे करणारा संदेश आला आणि तो हरवला, तर कुणाचे फार बिघडत नाही. फोनवर ती कुणाची तरी हाक असते. २०१० च्या लिनक्स २.६.३६ मध्ये वायसोत्स्की यांनी वेकअप काउंटचा मार्ग दिला. जागे करणारी प्रत्येक घटना कर्नल मोजतो. झोपवणारा प्रोग्राम आधी तो आकडा वाचतो, आपली आवराआवर करतो आणि झोपण्यापूर्वी तोच आकडा परत लिहितो. मधल्या काळात नवी घटना घडली असेल तर आकडे जुळत नाहीत, लिहिणे नाकारले जाते आणि झोप रद्द होते. लिहिल्यानंतर घटना घडली, तरी कर्नल झोपेच्या वाटेवरून परत फिरतो. २०१२ च्या ३.५ मध्ये ऑटोस्लीप (जागे राहण्याचे कारण उरले नाही की आपोआप झोप) आणि वेकलॉकसारखी सोय मुख्य कर्नलमध्ये आली आणि वाद शमला.

सेन्सरसारख्या छोट्या यंत्रांच्या कर्नलमध्ये हाच प्रश्न आधीपासून होता, फक्त उत्तर हार्डवेअरकडे होते. बर्कलीत जन्मलेले टायनीओएस रांगेतली कामे संपली की आपणहून प्रोसेसर झोपवीत असे. फ्रीआरटीओएस या दुसऱ्या छोट्या कर्नलने २०१२ मध्ये टिकलेस आयडल आणले: पुढचे काम केव्हा आहे ते पाहायचे, तोवरचे टिक, म्हणजे घड्याळाचे ठरावीक अंतराचे इंटरप्ट, थांबवायचे, आणि उठल्यावर हुकलेले टिक एकदम मोजून घ्यायचे. तिथे क्रम असा: इंटरप्ट रोखायचे, काही काम आले आहे का ते शेवटचे पाहायचे, नसेल तर डब्ल्यूएफआय (वेट फॉर इंटरप्ट) ही सूचना चालवायची. कॉर्टेक्स-एम या एआरएमच्या छोट्या प्रोसेसरांत इंटरप्ट रोखलेले असले तरी प्रलंबित इंटरप्ट डब्ल्यूएफआयमधून प्रोसेसरला जागे करतो. म्हणजे पाहणे आणि झोपणे यांच्यात फट उरतच नाही. वेकअप काउंटने जे हजारो ओळींच्या व्यवस्थेत साधले, ते इथे एका सूचनेच्या व्याख्येत बसले आहे.

दुसरा प्रवाह म्हणतो, सगळे यंत्र एकदम झोपवायचेच कशाला? जे रिकामे आहे ते तेवढ्यापुरते झोपवा. लिनक्समध्ये २००७ मध्ये टिकलेस कर्नल, २००८ मध्ये सीपीयूआयडल (रिकाम्या प्रोसेसरसाठी) आणि २००९ अखेर २.६.३२ मध्ये रनटाइम पीएम (रिकाम्या उपकरणांसाठी) आले. नोकियाचा एन९०० हा फोन याच विचाराने चालत असे. २०१३ च्या ३.९ मध्ये सस्पेंड-टू-आयडल आले; त्यात फर्मवेअरकडे न जाता सगळे प्रोसेसर सर्वांत खोल आयडल, म्हणजे रिकामेपणाच्या, अवस्थेत ठेवतात. आजचे पुष्कळ लॅपटॉप एस३ सोडून याच पद्धतीने झोपतात. बायोस नसलेल्या उपकरणांसाठी घडलेला विचार असा पीसीवर परत गेला.

नागपुरात यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात सावलीत ४५ अंश असताना बंद प्लास्टिकच्या डब्यात पारा ६० कडे सहज जातो. तापमान वाढले की ट्रान्झिस्टरची गळती वाढते आणि झोपेतला प्रवाह बहुतांशी गळतीचाच असतो. रॅमच्या पेशींतला प्रभारही लवकर ओसरतो, म्हणून मोबाइल रॅम उष्णतेत सेल्फ-रिफ्रेश जास्त वेळा करते. डेटाशीटमधला २५ अंशांचा झोपेतला आकडा धरून बॅटरीचा हिशेब केला तर तो इथे उन्हाळ्यात टिकत नाही.

घड्याळाचेही तेच. झोपेत चालते ते ३२,७६८ हर्ट्झचे क्रिस्टल, आणि २५ अंशांपासून दूर गेले की ते मंदावते: दर अंशाच्या वर्गामागे सुमारे ०.०३४ भाग दशलक्षांत. डब्यात ६० अंश म्हणजे फरक ३५, त्याचा वर्ग १,२२५, म्हणजे सुमारे ४२ भाग, म्हणजे दिवसाला साडेतीन सेकंदांहून जास्त. आणि उठल्यावर कर्नल याच घड्याळाकडून, म्हणजे आरटीसीकडून, विचारून घेतो की आपण किती वेळ झोपलो होतो. लिनक्सचे मोनोटॉनिक (सतत पुढेच जाणारे) घड्याळ झोपेचा वेळ मोजत नाही. तो धरायचा असेल तर २०११ पासून बूटटाइम हे वेगळे घड्याळ आहे, पण क्रिस्टलची चूक त्यातही येते. ठरल्या मिनिटाला रेडिओ उघडून एकमेकांशी बोलणाऱ्या बागेतल्या यंत्रांना, नेटवर्कवरून वेळ मिळत नसेल तर, आठवडाभरात एकमेकांची वेळ चुकवायला एवढे पुरते, विशेषतः एक डबा सावलीत आणि दुसरा उन्हात असेल तेव्हा. तापमानानुसार स्वतःला सुधारणारी डीएस३२३१ सारखी चिप −४० ते ८५ अंशांत ३.५ भागांच्या आत राहते, म्हणजे दिवसाला सुमारे ०.३ सेकंद.